डबल बेल

बाराव्या दिवशी घराने वैजयंताबाईंना बाहेर जाऊ दिलं नाही.

त्या कोथिंबीर आणायला निघाल्या होत्या. वरण तयार होतं, वर भुरभुरायला कोथिंबीर तेवढी नव्हती. पायात चपला, हातात कापडी पिशवी. दाराला हात लावला, तर ते रोजच्यासारखं बाजूला सरकलं नाही. छतातून एका बाईचा आवाज आला, बँकेत टोकन घेतल्यावर येतो तसा गोड.

“कृपया सोबतीची वाट पाहा.”

“कसली सोबत?” वैजयंताबाईंनी छताला विचारलं.

“कृपया सोबतीची वाट पाहा.”

“अगं बये, कोथिंबीर आणायचीय. हनिमूनला नाही चाललेय.”

दार ढिम्म. त्यांनी दोनदा ढकललं, एकदा लाथ मारली आणि मग मुलीला फोन लावला.

शर्वरी तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या प्रयोगशाळेत होती. कारखान्यांतली मोजमापाची उपकरणं तपासणं हे तिचं काम. काटा खरं वजन दाखवतो का, तापमापक खोटं तर बोलत नाही ना, हे प्रमाणित नमुन्याशी ताडून बघायचं आणि मग दाखला द्यायचा. आईचं बोलणं अर्धं ऐकलं असेल तेवढ्यात तिच्या फोनवर संदेश आला. “अनुबंध परिवाराकडून नमस्कार. आपल्या कुटुंबातील सदस्य वैजयंता खरात, वय ६१, यांचा तोल-निर्देशांक १०० पैकी ३१ आहे. त्यांच्या सुरक्षेसाठी त्यांना आधार गटात सामील करण्यात येत आहे.”

“आई, तू आधी खुर्चीवर बस,” शर्वरी म्हणाली.

“का? मला काय झालंय?”

उत्तर द्यायला शर्वरीला जरा वेळ लागला. तो वेळ वैजयंताबाईंच्या लक्षात राहिला.

*

‘अनुबंध’ ही वसाहत आडगावच्या पुढे, महामार्ग आणि टायरवर चालणारी नवी मेट्रो जिथे एकमेकींना छेदतात तिथे उभी राहिली होती. शर्वरी तिच्या प्रेमात पडली ती नकाशा बघूनच. फाटकापासून स्थानक चार मिनिटं. तिथून अंबड अठ्ठावीस मिनिटं, गाडी न बदलता. दवाखाना, भाजीबाजार, वाचनालय, सगळं पायी. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आईने तिला वाढवलं होतं. वडील ती सातवीत असताना गेले, तेव्हापासून दोघीच. त्या खोल्यांना लिफ्ट नव्हती आणि घरमालकाला दर अकरा महिन्यांनी त्याचा पुतण्या आठवत असे, ज्याला म्हणे जागा हवी होती. आईला एक घर द्यायचं, जिथून कोणी उठ म्हणणार नाही, एवढं एकच शर्वरीने नोकरी लागल्यापासून मनात धरलं होतं.

‘अनुबंध’ची पद्धत अशी, की घर घेण्याआधी पंधरा दिवस तिथे राहून बघायचं. तुम्ही घर पारखा, घर तुम्हाला पारखेल, असं पत्रकात छापलेलं होतं. शर्वरीला ते वाक्य तेव्हा गोड वाटलं होतं.

पारखण्याचं काम ‘पायरव’ करत असे. प्रत्येक इमारतीच्या जमिनीत, फरशीखाली, केसाएवढे बारीक काचतंतू पसरलेले होते. मुळात ते इंटरनेटसाठीच. पण या तंतूचा दुसराही उपयोग करता येतो. त्यातून सेकंदाला हजारो वेळा लेसरची ठिणगी सोडली, की काचेतल्या सूक्ष्म विषमतेवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. कुठून फिरला ते परतीच्या वेळेवरून कळतं. कुणी फरशीवर पाऊल टाकलं, की फरशी वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतकी, अणूच्या मापात मोजावी इतकी. तिच्याबरोबर तंतू ताणला जातो आणि मागे येणारा प्रकाश किंचित बदलतो. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या जमिनीला प्रत्येक वितीवर एक कान. पहिल्यांदा हे तंत्र तेलाच्या नळांची गळती आणि भूकंप ऐकायला वापरलं गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पाऊलही ऐकू येतं.

आणि पाऊल पुष्कळ बोलतं. टाच कधी टेकली, भार बोटांवर कधी गेला, दोन पावलांत किती अंतर, ते अंतर दर वेळी सारखं असतं का. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग बिघडू लागला, की माणूस नकळत पाय फाकवून चालतो आणि पावलांचा ताल चुकतो. हे आजार डॉक्टरला दिसण्याआधी वर्ष-दोन वर्षं पावलांत दिसतात. ‘पायरव’ला दोन लाख माणसांच्या चालीवर शिकवलेलं होतं. ते शेजारी ओळखत असे, चोर ओळखत असे, कुणी पडलं तर मिनिटाच्या आत रुग्णवाहिका बोलवत असे. आदल्याच वर्षी त्याने चार जीव वाचवले होते. हेही पत्रकात होतं, आणि ते खरं होतं.

*

“मी तुमची काळजी समजू शकतो,” निनाद टिपणीस म्हणाला.

टिपणीस हा ‘अनुबंध’चा ग्राहक-व्यवस्थापक. पस्तिशीचा, नीट इस्त्रीचा, पाण्याचा पेला आधी वैजयंताबाईंपुढे सरकवणारा. माणूस वाईट नव्हता. त्यामुळे त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

“घर नाकारत नाही आम्ही,” तो म्हणाला. “फक्त नवव्या मजल्याऐवजी आधार विंगमध्ये तळमजला. तेवढंच क्षेत्रफळ, तीच मेट्रो. दारं सोबत असली की उघडतात. आग लागली, भूकंप झाला, तर आपोआप उघडतात. विमा कंपनीची अट आहे, करारातलं चौदावं कलम.”

“आणि सोबत नसली तर?” वैजयंताबाईंनी विचारलं.

“सोबत बोलावता येते ना. घंटी दाबली की वीस मिनिटांत आमचा मदतनीस येतो.”

“वीस मिनिटं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी.”

“आई,” शर्वरी म्हणाली.

“तू गप. साहेब, मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. नाशिक-पेठ, नाशिक-सुरगाणा. सावळ घाटात, भरल्या गाडीत, एका हातात नोटा आणि दुसऱ्या हातात तिकिटं. एकदा पडलेली दाखवा.”

“म्हणूनच,” टिपणीस मऊ आवाजात म्हणाला. “इतकी वर्षं न पडलेल्या माणसाला पहिल्यांदा पडणं फार महागात जातं.”

दोघी मेंदूच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर चांदवडकरांनी वैजयंताबाईंना डोळे मिटून उभं केलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, डोक्याचं स्कॅन काढलं. सगळं ठीक. “पाय जरा रुंद टाकता,” एवढं मात्र ते बोलले.

अहवाल वाचून टिपणीसने मान हलवली. “डॉक्टरांनी वीस पावलं पाहिली असतील, मॅडम. पायरवने बारा दिवसांत चाळीस हजार ऐकलीत.”

नवव्या मजल्याची पूर्वनोंदणी त्याने, घरं बघायला सगळ्यांना बोलावतात त्या परिचय दिनापर्यंत, म्हणजे आणखी दोन आठवडे राखून ठेवायचं कबूल केलं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

*

सिडकोतल्या खोलीत परतल्यावर शर्वरीचे डोळे आईच्या पायांवरून हलेनात. आणि हे असं असतं: एकदा बघायला लागलं, की दिसतंच. आई खरंच पाय फाकवून चालत होती. स्वयंपाकघरातून बाहेर येताना तिचा ताल एकसारखा नव्हता. तीन पावलं, मग थबकणं, मग कमरेत किंचित वळणं, मग पुन्हा दोन. आधीही अशीच चालायची का? शर्वरीला आठवेना. एकत्र राहणाऱ्या माणसाची चाल कुणी लक्षात ठेवतं का? एके दिवशी चौकात रस्ता ओलांडताना तिने आईचा कोपर धरला. वैजयंताबाईंनी तो सोडवून घेतला आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर म्हणाल्या, “परत असं करू नकोस.”

त्याच आठवड्यात ‘अनुबंध’कडून एक निवेदन भरायला आलं. घरच्यांसाठी. प्रश्न सहा होते. तिसरा असा: गेल्या वर्षभरात सदस्याच्या चालण्यात बदल जाणवला का?

शर्वरीने प्रयोगशाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत तो प्रश्न चार वेळा वाचला. तिने स्वतःशी हिशेब मांडला तो असा: समजा यंत्र चूक आहे, तर आई तळमजल्यावर थोडी चिडून राहील. समजा यंत्र बरोबर आहे आणि मी ‘नाही’ लिहिलं, तर एक दिवस ती जिन्यात पडलेली सापडेल. तिने ‘हो’वर बोट ठेवलं.

निवेदनाची प्रत सदस्यालाही जाते, हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वैजयंताबाई पलंगावर बसल्या होत्या. फोन शेजारी उपडा.

“एकतीसचे सत्तावीस झाले,” त्या म्हणाल्या. “तुझ्या ‘हो’चे चार गुण गेले. चांगलं वजन आहे तुझ्या शब्दाला.”

“आई, मला भीती वाटली.”

“मला विचारलंस?”

“तुला विचारलं असतं तर तू काय सांगणार होतीस?”

“तेच तर. मी काय सांगणार ते तुला ऐकायचंच नव्हतं.” वैजयंताबाई उठल्या. पाय फाकवून, थबकत, मोरीपर्यंत गेल्या आणि तोंडावर पाणी मारून परत आल्या. आवाज आता शांत होता आणि त्यामुळे जास्त लागला. “तू म्हणे काटे तपासतेस. समोर आलेला प्रत्येक काटा आधी खोटाच धरतेस, असं तूच सांगितलं होतंस ना? मग याच काट्याला कसं खरं मानलंस गं? आईच्या विरुद्ध बोलला म्हणून?”

शर्वरीने खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली.

“उद्या सुट्टी घे,” वैजयंताबाई म्हणाल्या. “पेठला जायचंय.”

*

सकाळी साडेआठची पेठ गाडी. विजेवर चालणारी, बिनआवाजाची. तिकीट दारातल्या यंत्राला हात दाखवला की निघत होतं. कंडक्टर आता कुठल्याच गाडीवर उरले नव्हते. वैजयंताबाईंची तुकडी शेवटची. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की निघा, ती घंटीची दोरीही गेली होती. छताला तिच्या कड्या तेवढ्या राहिल्या होत्या, जुन्या सांगाड्यावर नवा रंग दिलेला असल्याने.

“बस,” त्यांनी शर्वरीला सांगितलं. स्वतः मात्र मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

“आई, सीट रिकामी आहे.”

“मी तुला काय दाखवायला आणलंय, सीट?”

गाडी घाटाला लागली. पहिल्या वळणाला शर्वरीचं डोकं खिडकीवर आपटलं. दुसऱ्या वळणाला पुढच्या बाईची टोपली वाटेत घरंगळली आणि दोन माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. वैजयंताबाई उभ्याच होत्या. हात सोडलेले. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे जरा सैल, भार टाचेवर नाही, सगळ्या तळव्यावर. गाडी डावीकडे झुकली की त्यांचं उजवं पाऊल आधीच अर्धी वीत सरकलेलं असे. मग त्या चालू लागल्या. तीन पावलं, सीटच्या रांगेपाशी थबकणं, कमरेत वळणं, जणू कुणी पैसे पुढे करतंय. दोन पावलं. थबकणं. वळणं. घरंगळलेली टोपली त्यांनी चालत्या गाडीत वाकून उचलली आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवली.

शर्वरीने ती चाल ओळखली. स्वयंपाकघरातून बाहेर येतानाची तीच.

चूक कुठे होती ते तिला एका क्षणात दिसलं, आणि दिसल्यावर लाज वाटली, कारण ही तिच्या धंद्यातली सगळ्यात साधी चूक होती. उपकरण खोटं बोलत नव्हतं. ते ज्या नमुन्याशी ताडत होतं तो नमुना अपुरा होता. दोन लाख माणसं. कोण होती ती? अशा वसाहतीत राहणारी, कार्यालयात बसणारी, आणि दवाखान्यातले रुग्ण. निरोगी म्हणजे अरुंद आणि एकसारखी पावलं, रुंद आणि तुटक म्हणजे आजार. एकतीस वर्षं हलत्या जमिनीवर काम केल्याने जिची चाल बनली, अशी बाई त्या दोन लाखांत नव्हतीच. यंत्राने तिला पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि जवळचं जे माहीत होतं ते नाव देऊन टाकलं होतं.

पेठच्या स्टँडवर दोघींनी चहा घेतला.

“आई, मी ‘हो’ लिहिलं ते...”

“लिहिलंस ते लिहिलंस. आता काय करायचं ते सांग.”

“तुझ्या तुकडीतले किती जण आहेत नाशकात?”

वैजयंताबाई बशीत फुंकर मारता मारता थांबल्या. “कंडक्टर? बोलावले तर दहा-बारा येतील. जेवण आहे म्हटलं तर पंचवीस.”

“तेवढेच ड्रायव्हरही हवेत. त्याच डेपोचे, त्याच वयाचे.”

“ते कशाला?”

“ते एकतीस वर्षं बसून होते,” शर्वरी म्हणाली.

*

परिचय दिनाला ‘अनुबंध’च्या फाटकावर झेंडूची तोरणं होती. येईल त्या पाहुण्याला सरबत आणि चालपट्टीवर फुकट तपासणी: प्रवेशदालनातल्या लांब पट्टीवरून तीनशे पावलं चाला, आपला तोल जाणून घ्या. निकाल भिंतीवरच्या पडद्यावर येत असे, हिरवा, पिवळा किंवा केशरी. सकाळी अकराला दालनात पन्नास-साठ घरं बघणारी कुटुंबं असताना एक मिनीबस आली आणि तिच्यातून बावीस म्हातारी माणसं उतरली.

“आधी उतरू द्या, मग चढा,” जुने कंडक्टर पगारे मास्तर सवयीने ओरडले. चढणारं कोणीच नव्हतं.

शर्वरीने सगळ्यांना क्रमांक दिले. एक कंडक्टर, एक ड्रायव्हर, आळीपाळीने. बाकी काही केलं नाही. चालपट्टी कंपनीची, यंत्र कंपनीचं, निकालाचा पडदाही कंपनीचा.

पगारे मास्तर पहिले. केशरी. त्यांच्यामागे ड्रायव्हर रफिकभाई शेख. हिरवा. मंदा सोनवणे, महिला कंडक्टरांच्या पहिल्या तुकडीतली, केशरी. ड्रायव्हर गांगुर्डे, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या होत्या आणि जे महिन्यातून दोनदा चक्कर येऊन पडत, ते हिरवे.

“बघितलं?” गांगुर्डे दोन्ही हात वर करून म्हणाले. “एकदम ठणठणीत. घरी जाऊन बायकोला सांगतो, गोळ्या बंद.”

“सांग, म्हणजे ती तुला बंद करेल,” मंदाबाई म्हणाल्या.

बाराव्या माणसापर्यंत दालनातल्या गप्पा थांबल्या होत्या. लोक पडद्याकडे बघत होते. केशरी, हिरवा, केशरी, हिरवा, ओळीने. शेवटच्या जोडीत वैजयंताबाई चालल्या. केशरी. अकरा कंडक्टर, अकरा केशरी. अकरा ड्रायव्हर, दहा हिरवे आणि एक पिवळा.

टिपणीस मधेच येऊन उभा राहिला होता. त्याचा पडलेला चेहरा शर्वरीने पाहिला आणि तिला बरं वाटलं, की त्याला समजलंय.

“तीनशे पावलांत नव्वद टक्के खात्री, असं तुमच्याच पत्रकात आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मग आता दोनच शक्यता. एकतर नाशिक डेपोच्या सगळ्या कंडक्टरांना मेंदूचा एकच आजार आहे आणि ड्रायव्हरांना तो शिवलेला नाही. नाहीतर तुमचं यंत्र आजार मोजत नाही, धंदा मोजतं.”

“मॅडम, आपण आत बसून बोलू.”

“इथेच बोला,” वैजयंताबाई म्हणाल्या. “आत गेलं की दारं बंद होतात तुमची.”

कुणीतरी मोठ्याने हसलं. टिपणीसने फोनवर दोन मिनिटं कुणाशी तरी बोलून घेतलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. “कंपनीला चूक मान्य आहे. वाहक या व्यवसायासाठी सवलत देता येईल. खरातबाईंच्या नावापुढे तशी नोंद केली की निर्देशांक आपोआप सुधारेल. नववा मजला आजच नक्की करू.”

शर्वरीने आईकडे पाहिलं. नववा मजला. पूर्वेची गॅलरी. चार मिनिटांवर स्थानक. कुणी उठ म्हणणार नाही असं घर, फक्त एका सहीच्या अंतरावर.

तेवढ्यात गर्दीतून एक उंच, वाकलेले गृहस्थ पुढे आले. त्यांच्या गळ्यात इथल्या रहिवाशाचं ओळखपत्र होतं. “माझं नाव यशवंत भांडगे,” ते म्हणाले. “आम्ही येवल्याचे. माझी बायको पैठणी विणायची. चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून, मागाच्या पावड्या दाबत.” त्यांनी हवेत पाय आळीपाळीने दाबून दाखवले, डावा, उजवा, डावा. “ती चालते पण तशीच. दोन वर्षं झाली, आधार विंगमध्ये आहोत. मी बाजारात गेलो की ती दारामागे. मला... मला वाटायचं, यंत्र म्हणतंय म्हणजे असेल काहीतरी.”

शर्वरीला ते शेवटचं वाक्य आपल्याच तोंडून आल्यासारखं वाटलं.

“त्यांचाही अर्ज करा ना काका,” टिपणीस म्हणाला. “विणकर सवलत विचारात घेता येईल.”

“आणि डोक्यावर पाटी वाहिलेल्या बायका?” वैजयंताबाईंनी विचारलं. “बोटीवरचे? भट्टीवरचे? ते कधी तुमच्या दालनात येऊन तीनशे पावलं चालतील, तेव्हा त्यांची दारं उघडणार का? साहेब, मला सवलत नकोय. मी पासवाली नाही. मला दार हवंय.”

“विंगची दारं माझ्या हातात नाहीत, बाई. विमा कंपनी...”

“करार द्या,” शर्वरी म्हणाली.

टिपणीसने करार दिला. नवव्या मजल्याचा, छापील, तिच्या नावाचा. शर्वरीने चौदावं कलम शोधलं. पट्टी मागून घेतली, कारण वेडीवाकडी रेघ तिला आवडत नसे, आणि त्या कलमाच्या पाचही ओळी एकेक करून खोडल्या. समासात सही केली. शेवटच्या पानावर सही केली. मग सोबत बावीस जणांच्या निकालांचा तक्ता जोडला आणि प्रयोगशाळेत लिहिते तशा स्वच्छ अक्षरात खाली लिहिलं: उपकरण या नमुन्यावर अवैध. पुन्हा तपासणी होईपर्यंत याच्या आधारे कुणालाही अडवू नये.

“कलम खोडून प्रणाली स्वीकारणार नाही,” टिपणीस म्हणाला.

“मग नाकारा. पण नाकारल्याचं कारण लिहून द्या, शिक्क्यासह. तो कागद मी ग्राहक मंचाकडे नेईन. आणि निवेदनातलं माझं ‘हो’ मी मागे घेतेय, त्याचीही पोच द्या.”

टिपणीसने खोडलेलं कलम आणि खालची ओळ पुन्हा वाचली. शेवटी त्याने खिशातून शिक्का काढला. ‘नाकारले’चा नव्हे, ‘मिळाले’चा. तो उमटवला आणि तारखेखाली वेळ लिहिली: एक वाजून दहा मिनिटं.

“मी फक्त पोचवतो,” तो पुटपुटला.

“पोचवा,” वैजयंताबाई म्हणाल्या. “नीट पोचवा. भांडगे काका, कुठेय ती विंग?”

*

आधार विंग बागेच्या पलीकडे होती. सुंदर होती. दारापुढे तुळशीची कुंडी, कठड्याला मऊ गादी, आणि काचेचं रुंद दार, पूर्ण बंद. आत, काचेला लागून, सात-आठ माणसं उभी होती. दालनातली गडबड त्यांना ऐकू गेली असावी. पुढे एक ठेंगणी बाई, काठाची साडी नीट चोपून नेसलेली. भांडगेकाकांनी पायवाटेवरूनच हात वर केला तसा तिनेही केला.

वैजयंताबाई दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “कृपया सोबतीची वाट पाहा,” तोच गोड आवाज म्हणाला. केशरी माणसाची केशरी माणसाला सोबत चालत नसे.

“शरू,” त्या म्हणाल्या, “तू हिरवी आहेस ना?”

शर्वरी पुढे झाली. तिची अरुंद, एकसारखी, कार्यालयीन पावलं जमिनीने ऐकली आणि दार निमूटपणे सरकलं. ती आत गेली नाही. बाहेरही थांबली नाही. बरोबर उंबऱ्यावर, जिथे दार मिटणार होतं तिथे, पाठ चौकटीला टेकवून उभी राहिली. पाय तिने रुंद फाकवले. दाराने मिटायचा प्रयत्न केला, तिच्या खांद्याला लागलं, मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा मागे गेलं.

“हं, चला,” वैजयंताबाईंचा आवाज चढला. घाटातल्या भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जायचा तो आवाज, शर्वरीने लहानपणी ऐकलेला आणि नंतर विसरलेला. “चला, चला, दारात गर्दी करू नका. एकेक जण. ताई, पदर सांभाळा. बाबा, सावकाश, गाडी तुम्हाला सोडून जात नाही.”

भांडगेकाकू पहिल्या बाहेर आल्या. डावा, उजवा, डावा, अदृश्य पावड्या दाबत. बागेच्या पायवाटेवर येऊन त्या थांबल्या. मग नवऱ्याकडे न जाता त्या सरळ फाटकाच्या दिशेने निघाल्या, बाजाराकडे, एकट्या. भांडगेकाका मागे जायला निघाले.

“राहू द्या काका,” वैजयंताबाई म्हणाल्या. “जाऊ द्या त्यांना.”

टिपणीस धापा टाकत पोचला. सुरक्षारक्षक त्याच्या मागे होते, पण त्याने हाताने त्यांना थांबवलं. “मॅडम, किती वेळ धरणार आहात दार?”

शर्वरीचा खांदा दुखायला लागला होता. “पाचपर्यंत मी आहे,” ती म्हणाली. “मग काय ते बघू.”

“पाचनंतर मी,” रफिकभाई म्हणाले. “हिरवा आहे मी. आता काहीतरी उपयोग होऊ दे त्याचा.” त्यांच्यामागे गांगुर्डे. आणि गांगुर्ड्यांच्या मागे दालनातली घर बघायला आलेली कुटुंबं, सरबताचे पेले हातात घेऊन, कुणी कुणाला न सांगता रांगेत उभी राहत होती.

आतला शेवटचा म्हातारा बाहेर आला. वैजयंताबाईंनी आत डोकावून सगळी जागा नजरेखाली घातली, मागच्या कोपऱ्यापर्यंत, कुणी राहिलं नाही ना म्हणून. हात सवयीने वर गेला, दोरीकडे. तिथे दोरी नव्हती. मग त्यांनी पाय उचलला आणि जमिनीवर, त्या ऐकणाऱ्या जमिनीवर, टाच दोनदा आपटली.

“डबल,” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या.”